बाबांनी दारू सोडून पंधरा वर्षं झाली, मग किल्ली वाजली की पोटात गोळा का येतो?

एका बाईंनी पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३७, पुण्यात आयटीत नोकरी, नवरा समंजस, मुलगा सहा वर्षांचा. लहानपणी वडील प्यायचे, आईला मारायचे, कधी कधी हिलाही. मग त्यांनी माळ घातली, पंधरा वर्षं झाली एक थेंब नाही, दरवर्षी वारी, नातवाचे लाडके आजोबा. आणि हिला मात्र संध्याकाळी नवऱ्याच्या किल्लीचा आवाज आला की पोटात गोळा येतो, मुलाच्या हातून दूध सांडलं तर ही अंगावर धावून जाते आणि मग रात्रभर रडते. आई म्हणते झालं गेलं गंगेला मिळालं, भाऊ म्हणतो एवढं काही नव्हतं. तर हे सगळं लहानपणामुळेच आहे का, आणि इतक्या वर्षांनी यावर काही होऊ शकतं का?

दोन्हीचं उत्तर हो. पहिलं हो जरा सांभाळून घ्या, कारण प्रत्येक त्रासाचं मूळ लहानपणातच असतं असं काही नाही, थायरॉइड बिघडला तरी चिडचिड होते, झोप कमी पडली तरी होते, डेडलाइन तर आहेतच. म्हणून थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह एवढं आधी करून घ्या, मी पहिल्या भेटीत सगळ्यांनाच सांगते. पण ठरावीक वेळेला, ठरावीक आवाजाने पोटात गोळा येणं हे काही थायरॉइडचं काम नाही.

मी आधी बरीच वर्षं व्यसनमुक्ती केंद्रात फॅमिली काउन्सेलिंग करायचे, आता स्वतःची प्रॅक्टिस आहे. केंद्रात पेशंट म्हणजे पिणारा माणूस, त्याच्यानंतर त्याची बायको, आणि मुलं म्हणजे घरी ठेवायची सोय नाही म्हणून बरोबर आणलेली, बाहेर बाकावर बिस्किटं खात बसलेली, त्यांना कुणी काही विचारायचंच नाही. आता माझ्याकडे जी तिशी-चाळिशीतली माणसं येतात त्यातली कितीतरी त्या बाकावरचीच म्हणायची. आणि ती ट्रॉमा वगैरे म्हणत येत नाहीत हां. अ‍ॅसिडिटी जात नाही, मान धरलीये, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हणून डॉक्टरांनी पाठवलंय, बॉसने नुसता आवाज चढवला तरी हात थरथरतात, नवरा गप्प बसला की वाटतं आता काहीतरी होणार, असं काय काय घेऊन येतात. लहानपण कसं गेलं विचारलं की म्हणतात "छान होतं, म्हणजे बाबा घ्यायचे थोडी". ती "थोडी" पुढे तीन-चार सेशन पुरते.

दारूच्या घरातल्या मुलाला पाढ्यांच्या आधी एक गोष्ट येते, ती म्हणजे अंदाज घेणं. गाडी कोपऱ्यावर कशी वळली, फाटकाची कडी एकदा वाजली की नीट लागत नाहीये म्हणून चार वेळा, चप्पल काढून ठेवली की भिरकावली, एवढ्यावरून आज किती झालीये ते कळतं आणि त्याप्रमाणे पुढच्या हालचाली, धाकट्याला आतल्या खोलीत न्यायचं, टीव्ही बारीक करायचा, आईला डोळ्यांनी खुणवायचं की आत्ता काही बोलू नको. सात-आठ वर्षांचं पोर हे करतं. पगाराचा दिवस पाठ असतो. गटारी, होळी, ३१ डिसेंबर, कुणाच्या लग्नातली हळदीची रात्र, बाकीची मुलं ज्या दिवसांची वाट बघतात त्या दिवसांची यांना धास्ती. पाडव्याला आई ओवाळायचं ताट घेऊन बसलीये आणि माणूस शुद्धीत नाही, हे ज्याने पाहिलंय त्याला पुढे दिवाळीत नेमकं कसलं टेन्शन येतं ते स्वतःलाच कळत नाही.

आता हे नुसतं माझं निरीक्षण नाही. विस्कॉन्सिनमध्ये सेथ पोलॅक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला, २००२ ला छापून आला, मुलांना चेहऱ्याचे फोटो दाखवायचे पण सुरुवातीला इतके धूसर की काही दिसू नये आणि मग हळूहळू स्पष्ट करत न्यायचे. ज्या मुलांनी घरी मार खाल्ला होता त्यांनी रागाचा चेहरा बाकीच्या मुलांपेक्षा आधी ओळखला, चित्र अजून अर्धवट असताना. २०११ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या इमन मॅक्रोरी यांच्या टीमने घरात मारहाण पाहिलेल्या मुलांचा मेंदू स्कॅन केला, तर रागीट चेहरा समोर येताच मेंदूतले धोका ओळखणारे भाग जास्त पेटायचे, अमिग्डाला आणि इन्शुला, आणि हेच दोन भाग आधीच्या अभ्यासांत लढाईवरून आलेल्या सैनिकांमध्ये तसे दिसले होते. गंमत म्हणजे त्या मुलांना कुठलाही आजार नव्हता, शाळेत जाणारी साधी मुलं. म्हणजे मेंदू बिघडलेला नव्हता, त्या घरात जसा लागतो तसा तयार झालेला होता.

तुमची किल्ली म्हणजे हेच. ती तयारी विचार करून केलेली नव्हती, शरीराने केलेली होती, त्यामुळे विचार करून ती जातही नाही. बाबांनी दारू सोडली ही बातमी डोक्याला मिळाली, पोटापर्यंत ती पोचलीच नाही. नवरा किती चांगला आहे हे स्वतःला शंभरदा सांगून उपयोग का होत नाही, तर किल्ली वाजल्यावर कोण आलंय हे डोक्याला कळायच्या आधी अमिग्डालाने हुकूम सोडलेला असतो, छाती धडधडायला लागलेली असते, आतडी आवळलेली असतात. मग डोकं मागून येऊन कारण शोधतं आणि बहुतेक वेळा चुकीचं शोधतं, की हाच आज उशिरा आला, याचाच चेहरा पडलाय, याचंच काहीतरी बिनसलंय. कित्येक भांडणं अशी होतात की ज्यात समोरच्याचा काही संबंधच नसतो.

यातली जी मुलं बिघडतात, शाळा सोडतात, मारामाऱ्या करतात, ती निदान कुणाच्या नजरेत तरी येतात. तुमच्यासारखी जी "शहाणी" असतात, पहिला नंबर, घरातली कामं, धाकट्याचा अभ्यास, आईचे डोळे पुसणं, त्यांच्याकडे कुणी बघतच नाही, उलट सगळे कौतुक करतात की पोरगी किती समजूतदार आहे. माझं स्पष्ट मत आहे की दहा वर्षांच्या मुलीला समजूतदार म्हणून कौतुक करायच्या आधी जरा तिच्या घरी काय चाललंय ते बघावं. या मुली पुढे ऑफिसात सगळ्यांचं काम ओढतात, नाही म्हणता येत नाही, सुट्टीत आजारी पडतात, मदत मागायची म्हटलं की अंगावर काटा येतो, कुणी प्रेमाने वागलं तर संशय येतो की याच्या मागे काय आहे, आणि शांत संध्याकाळ सहन होत नाही, काहीतरी उकरून काढतात. शेवटचं हे ऐकून बऱ्याच जणी हसतात आणि मग रडतात.

इंटरनेटवर एसीई स्कोअर म्हणून एक टेस्ट फिरते, लहानपणी काय काय वाईट सोसलं ते मोजणारी, ती तुम्ही केली असेलच. तिची गोष्ट अशी की सॅन डिएगोमधल्या कायझर परमनंटे या आरोग्यसंस्थेत व्हिन्सेंट फेलिटी हे डॉक्टर वजन कमी करायचं क्लिनिक चालवायचे, आणि ज्यांचं वजन छान उतरत होतं तेच पेशंट मधेच सोडून जायला लागले. का ते शोधता शोधता त्यांच्या बालपणातलं लैंगिक शोषण बाहेर यायला लागलं. मग संशोधक रॉबर्ट अँडा यांच्याबरोबर त्यांनी सतरा हजारांहून जास्त लोकांना प्रश्न विचारले, पहिला पेपर १९९८ चा. घरात व्यसन, आईला मारहाण, स्वतःला मार, अपमान, दुर्लक्ष, आईवडील वेगळे होणं असे पुढे एकूण दहा प्रकार झाले, पहिल्या पेपरात सात होते, आणि त्यात ज्यांच्याकडे चार किंवा जास्त होते त्यांच्यात व्यसन, डिप्रेशन, आत्महत्येचा प्रयत्न यांची शक्यता एकही नसलेल्यांपेक्षा चार ते बारा पट निघाली. हृदयविकारासारखे शरीराचे आजारही जास्त. अभ्यास मोठा आहे, महत्त्वाचा आहे, पण लोक आता त्या आकड्याकडे कुंडलीसारखं बघायला लागलेत, माझा स्कोअर सहा आहे म्हणजे माझं काही खरं नाही. खुद्द अँडांनीच २०२० मध्ये लेख लिहून सांगितलं की हा स्कोअर लोकसंख्येसाठी आहे, एका माणसाचं भविष्य सांगायला वापरू नका. तो मार किती वर्षं चालला, वय काय होतं, जवळ घेणारं कुणी होतं का, यातलं काहीच त्या आकड्यात येत नाही.

आणि ते "कुणी होतं का" फार मोठं आहे. हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेली जवळपास सातशे मुलं मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी चाळिशीपर्यंत फॉलो केली. गरिबी, व्यसन, भांडणं अशी बरीच ओझी असलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं व्यवस्थित, आत्मविश्वासाने उभी राहिली, आणि त्यांच्यात वारंवार दिसलेली गोष्ट म्हणजे निदान एक भरवशाचं मोठं माणूस. आजी, मावशी, शिक्षक, शेजारी, कुणीही. शिवाय जी पोरं अठराव्या वर्षी वाया गेली असं वाटत होतं त्यातलीही बरीच तिशीपर्यंत मार्गाला लागली. तुम्ही लिहिलंय की सुट्टीत आत्याकडे राहायला जायचे. ती आत्या हे तुमचं औषध होतं बहुतेक, हयात असेल तर तिला फोन करा.

भाऊ म्हणतो एवढं काही नव्हतं, याचा तुम्हाला सगळ्यात जास्त राग आलेला दिसतोय. पण तो खोटं बोलत असेलच असं नाही. तो चार वर्षांनी लहान, तुम्ही त्याला आतल्या खोलीत न्यायचात, दार लावून घ्यायचात, त्याने जे पाहिलं नाही ते तुमच्यामुळेच पाहिलं नाही. शिवाय आपल्याकडे मार म्हणजे काही घडलंय असं कुणी धरतच नाही. २००७ मध्ये केंद्र सरकारच्या महिला आणि बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांत बारा हजारांवर मुलांशी बोलून अभ्यास केला होता, त्यात दर तीनातल्या दोन मुलांनी मार खाल्ल्याचं सांगितलं. सगळ्यांनाच पडतो, मग त्यात काय, असं ते गणित. त्याच्याकडून कबुली मिळवायच्या मागे लागू नका, तुमचं बरं होणं त्याच्या साक्षीवर अवलंबून नाही.

आईबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, पण तिथेच जास्त आहे असं मला वाटतं. या घरांतल्या मुली वडिलांवर चिडलेल्या असतात हे खरं, पण थोडं खाली गेलं की आईवरचा राग निघतो, तू मला घेऊन निघून का नाही गेलीस, आणि त्याच्याही खाली अपराधीपणा की तिचं आयुष्य आपल्यामुळे गेलं. त्या रागाला वाट द्या, तो चुकीचा नाही. फक्त एक हिशेब समोर ठेवा, तुमचं बालपण नव्वदच्या दशकातलं. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, अमलात आला २००६ च्या ऑक्टोबरात, नवऱ्याच्या घरात राहायचा हक्क मागता येतो ते त्या कायद्याने. त्याआधी तिच्याकडे पोलिसात ४९८-अ ची, म्हणजे सासरच्या छळाची, केस करणं, कोर्टात घटस्फोट-पोटगी मागणं किंवा माहेरी जाणं एवढंच, आणि माहेरच्यांनी काय सांगितलं असेल ते आपल्याला माहितीये.

आता बाबा आणि माळ. हे कसं लिहावं विचार करत होते, कारण माळेची मला चेष्टा करायची नाही, कितीतरी घरं तिने वाचवलीत, जिथे आमची केंद्रं पोचत नाहीत तिथे गावातली दिंडी पोचते. पण माझ्याकडे येणाऱ्या मुलींचा राग वडील पीत असताना नव्हता एवढा ते सुधारल्यावर वाढतो, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटते की आता तर चांगले वागतायत. मला यात काही विचित्र वाटत नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या बारा पायऱ्यांमध्ये आठवी पायरी आहे की ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी करा आणि नववी की जमेल तिथे जाऊन त्याची भरपाई करा. माळ घातली की माणूस विठ्ठलापुढे मोकळा होतो, गावात मान मिळतो, पण मुलीसमोर बसून "मी तुला मारलं होतं" म्हणायची पायरी तिथे कुणी लावून दिलेली नसते. सगळ्यांनी मिळून पान उलटलं आणि तुम्हाला कुणी विचारलं नाही. त्यात नातवाला मांडीवर घेऊन गोष्टी सांगणारे आजोबा बघून आनंद आणि जळजळ दोन्ही एकदम होतं, की हा माणूस असा वागू शकत होता, मग माझ्या वेळी का नाही. होऊ दे दोन्ही. माफ करायची घाई नको, करायलाच पाहिजे असंही नाही. त्यांच्याशी बोलायचं असेल तर आधी थेरपीत त्याची तयारी करा आणि ते नाकारतील किंवा नुसतं "माउलीची इच्छा" म्हणून उठून जातील हे धरून चाला.

मुलाचं. हे खरं तर वर यायला हवं होतं, कारण तो आत्ता सहा वर्षांचा आहे. "मी बाबांसारखी झाले" असं तुम्ही लिहिलंय. एक म्हणजे मार खाल्लेली माणसं पुढे मुलांना छळतातच हा समज चुकीचा आहे, धोका वाढतो पण बहुतेक जण तसे वागत नाहीत. दुसरं, फरक कुठे पडतो तर ओरडून झाल्यावर. तुमच्या घरी दुसऱ्या दिवशी सकाळी काय व्हायचं? काहीच नाही, चहा, पेपर, जसं काही झालंच नाही. तुम्ही ते करू नका. शांत झालात की त्याच्याजवळ जाऊन बसा आणि सांगा, "आई खूप जोरात ओरडली. दूध सांडणं एवढं मोठं नव्हतं. चूक माझी होती." बस. "पण तूही ना" हे जोडायचं नाही. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई आणि बाळांच्या व्हिडिओंवर वर्षानुवर्षं काम केलं, त्यात दिसलं की चांगल्या जोड्यांमध्येही बराच वेळ सूर जुळलेला नसतो, बाळ सावरतं ते तो सूर पुन्हा पुन्हा जुळवला जातो म्हणून. आणि एक, त्याच्यासमोर रडत बसू नका. मूल येऊन डोळे पुसतं, आई शांत होते, तिला बरं वाटतं, आणि तिथून पुढे ते मूल आईच्या चेहऱ्यावर नजर ठेवायला लागतं. तुम्हाला ते काम किती चांगलं येतं ते आठवा. रडायचं ते नवऱ्याजवळ, मैत्रिणीजवळ, थेरपिस्टजवळ.

उपचारांचं. तुमच्या लिहिण्यावरून मी निदान करणार नाही, करूही नये कुणी. पण माहिती म्हणून, जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी, आयसीडी-११, २०२२ च्या जानेवारीपासून लागू झाली, त्यात कॉम्प्लेक्स पीटीएसडी हे वेगळं निदान आलंय, नेहमीच्या पीटीएसडीच्या, म्हणजे मोठ्या आघातानंतर राहून जाणाऱ्या त्रासाच्या, जोडीला भावना न आवरणं, स्वतःबद्दल अगदी कमीपणा आणि नात्यांमध्ये सततची अडचण असं त्याचं रूप. तुमचं त्यात बसेल किंवा नाही बसणार, उपचार दोन्हीकडे आहेत. ट्रॉमावर काम करणारी सीबीटी (बोलून विचार आणि वागणं बदलायची थेरपी) आणि ईएमडीआर या दोन पद्धती डब्ल्यूएचओने २०१३ च्या मार्गदर्शनात पीटीएसडीसाठी सुचवल्यात. ईएमडीआर म्हणजे ती डोळे डावीउजवीकडे फिरवायची, ऐकायला जादूटोणा वाटतं, आणि डोळे फिरवण्याने नेमकं काय होतं यावर तज्ज्ञांचे वाद अजून आहेत, पण पेशंटना फरक पडतो यावर फारसा वाद नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआय, म्हणजे रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडियाचं, रजिस्ट्रेशन विचारा, खुशाल विचारा, चांगल्या माणसाला राग येत नाही. पहिल्याच भेटीत सगळं खणून काढायला लावणारा असेल तर उठून या. आधी झोप, श्वास, रोजचा दिवस सावरायला शिकवतात, आठवणी नंतर. आणि "तुमच्या आठवणी दबलेल्या आहेत, मी बाहेर काढतो" म्हणणाऱ्यापासून तर लांबच, अमेरिकेत ऐंशी-नव्वदच्या दशकात असल्या थेरपीतून न घडलेल्या गोष्टी "आठवून" घरं आणि कोर्टं भरली होती.

तोवर घरी करण्यासारखं एक साधं काम. नवऱ्याला सांगा की किल्ली लावायच्या आधी खालूनच फोन कर किंवा बेल वाजवून मला नावाने हाक मार. तो आवाज त्या घरात कधी नव्हता. आणि गोळा आला की त्याच्याशी भांडू नका, दोन्ही पाय फरशीला टेकवा, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा आणि कुठली तारीख, कुठलं गाव, कोण आलंय हे मोठ्याने म्हणा. वेड्यासारखं वाटेल, करा. याने बरं होत नाही, पण ती पाच मिनिटं हातातून जात नाहीत.

कधी जीव नकोसा वाटला, किंवा हात उचलला जाईल आणि थांबणार नाही असं वाटलं, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता टेलिमानस या हेल्पलाइनला फोन करा, १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि पुण्यात आहात तर अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंगला एकदा जाऊन बघा, ती पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असते, पिणारा आता पीत नसला तरी चालतं. काही बोलावं लागत नाही, नुसतं बसलात तरी कळेल की चपलेच्या आवाजावरून अंदाज घेणारी तुमच्यासारखी किती माणसं आहेत.

शेवटी एक विचारायचं राहिलं, भाऊ घेतो का? तुम्ही लिहिलं नाहीये. दारूच्या व्यसनात साधारण निम्मा वाटा आनुवंशिक असतो, आणि "एवढं काही नव्हतं" म्हणणारे स्वतःच्या ग्लासाबद्दलही तेच म्हणतात असा माझा अनुभव आहे. शनिवार-रविवारचं म्हणत म्हणत मधल्या वारांना सुरू झालं असेल तर बालपणावर वाद घालण्यापेक्षा त्याच्याशी त्याबद्दल बोला, सकाळी, तो पूर्ण शुद्धीत असताना, बायकोसमोर नाही, एकट्याशी.